शाळेचं इंटरनेट शिक्षकाच्या खिशात किती दिवस?



"तुमच्या शाळेत इंटरनेट आहे का?" हा प्रश्न आमच्या कळंब तालुक्यातल्या वाडी-वस्तीवरच्या एखाद्या शाळेत विचारून बघा. बऱ्याच ठिकाणी उत्तर मिळेल, "आहे की! सरांचा मोबाईल हाय ना." उत्तर अगदी खोटं नाही. पोषण आहाराची रोजची माहिती त्याच मोबाईलवरून जाते. यू-डायस प्लसचं काम, वरून आलेल्या लिंका, मुलांना दाखवायचे व्हिडिओ हे सगळं त्याच एका सिमवर चालतं. सिम सरांचं किंवा मॅडमचं, रिचार्जही त्यांचाच.

यातला लॅपटॉपचा भाग गेल्या काही वर्षांत वाढला. इंटरनेट एकाच लॅपटॉपवर येतं आणि तिथून हॉटस्पॉट करून चार टॅबना, दुसऱ्या लॅपटॉपला, टीव्हीला दिलं जातं. ते कसं करायचं हे अनेक शिक्षक विचारतात, म्हणून आज त्याबद्दल लिहिते. माझं मत आधीच सांगून ठेवते. लॅपटॉपचा हॉटस्पॉट प्रत्येक शिक्षकाला करता यायलाच पाहिजे. पण तो आला म्हणून शाळेला इंटरनेट मिळालं असं समजून गप्प बसू नये. का, ते पुढे वाचा.

हॉटस्पॉट म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर गावात नळ एकाच्याच घरी आहे आणि त्याने पाईप लावून शेजारच्या चार घरांना पाणी दिलं. लॅपटॉपला इंटरनेट कुठून तरी येतं. ते केबलने येईल, डोंगलने येईल किंवा मोबाईलला यूएसबी वायर जोडून येईल. लॅपटॉप स्वतःचं वाय-फाय वापरून तेच इंटरनेट आजूबाजूच्या उपकरणांना देतो.

ही सोय काही नवी नाही. एका संगणकाचं इंटरनेट दुसऱ्याला देण्याची सोय विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे १९९९ सालीच आली होती. २००९ च्या विंडोज ७ मध्ये लॅपटॉपवरून वाय-फाय सोडता येऊ लागलं, पण त्यासाठी काळ्या पडद्यावर कमांड टाईप कराव्या लागायच्या. ऑगस्ट २०१६ मध्ये विंडोज १० ला जे मोठं अपडेट आलं, त्यात सेटिंगमध्ये 'मोबाईल हॉटस्पॉट' नावाचं साधं बटण आलं. विंडोज ११ मध्येही ते आहे.

कृती अशी: सेटिंग्ज उघडा, 'नेटवर्क अँड इंटरनेट' मध्ये जा, 'मोबाईल हॉटस्पॉट' निवडा. कोणतं इंटरनेट वाटायचं ते ठरवा. नाव आणि पासवर्ड बदलून घ्या. पासवर्ड किमान आठ अक्षरी लागतो. बटण चालू करा. एका वेळी जास्तीत जास्त आठ उपकरणं जोडता येतात आणि कोणती जोडली आहेत त्यांची यादी तिथेच खाली दिसते.

काही लहान गोष्टी लक्षात ठेवल्या तर त्रास वाचतो:

१. टॅब जुने असतील तर बँड २.४ गीगाहर्ट्झ ठेवा. जुन्या टॅबना ५ चा बँड दिसतच नाही. शिवाय भिंतीपलीकडच्या वर्गात २.४ चा सिग्नल बरा पोचतो.

२. लॅपटॉपमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. नाहीतर तुम्ही फळ्यावर लिहीत असताना विंडोज आपलं अपडेट उतरवून घेतं आणि दुपारपर्यंत डेटा संपतो.

३. लॅपटॉप झोपला की हॉटस्पॉटही झोपतो. चार्जिंगला लावून स्लीपची वेळ वाढवून ठेवा.

४. कोणीच जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट थोड्या वेळाने आपोआप बंद होतो. तो बिघाड नाही, बॅटरी वाचवायची सोय आहे. पुन्हा चालू करा.

मोबाईलवरून थेट दिला तर काय बिघडतं?

काहीजण विचारतात, "मॅडम, मोबाईलचाच हॉटस्पॉट लावला की झालं, मधे लॅपटॉप कशाला?" दोन-तीन कारणं आहेत. आपल्याकडे रेंज बहुधा खिडकीतच मिळते. मोबाईल खिडकीपाशी ठेवून वायरने लॅपटॉपला जोडला तर त्याचं चार्जिंग होत राहतं आणि वर्गाला वाय-फाय लॅपटॉप देतो. फक्त मार्च-एप्रिलमध्ये मोबाईल खिडकीत उन्हात ठेवू नका, मराठवाड्याचं ऊन त्याला सोसत नाही. दुसरं, आपल्या मोबाईलचा पासवर्ड कुणालाच द्यावा लागत नाही. लॅपटॉप शाळेचा, त्यामुळे हॉटस्पॉटचं नाव आणि पासवर्डही शाळेचा. तिसरं, उद्या शाळेला केबलचं कनेक्शन मिळालं तर हीच मांडणी तशीच राहते. मोबाईलची वायर काढायची आणि केबल लावायची, एवढंच.

वाटलं म्हणजे वाढलं नाही

हॉटस्पॉटबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. आठ टॅबवर इंटरनेट आलं म्हणजे इंटरनेट आठपट झालं नाही. एका भाकरीचे आठ तुकडे केले तरी भाकरी एकच.

हिशोब करून बघू. साध्या दर्जाचा, म्हणजे ४८० पी चा व्हिडिओ तासाला ढोबळ मानाने अर्धा जीबी डेटा खातो. दहा मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे साधारण ८० एमबी. तोच व्हिडिओ आठ टॅबवर एकाच वेळी लावला तर ६४० एमबी. रोजचा दीड जीबीचा प्लॅन असेल तर एका तासिकेत त्यातला जवळपास निम्मा संपला. वेगाचंही तसंच. मोबाईलला ८ एमबीपीएस वेग मिळत असेल तर एका टॅबच्या वाट्याला एक. मग व्हिडिओ अडखळतो, गोल चक्र फिरत राहतं, आणि आठ टॅबभोवती बसलेली तीस लेकरं गोंधळ करतात. त्यात त्यांची काहीच चूक नसते.

येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत फोन लावायचा प्रयत्न ज्यांनी केलाय, त्यांना हे समजावून सांगायला नको. माणसं वाढली म्हणून टॉवर वाढत नाही.

म्हणून माझा वर्गातला क्रम असा आहे. जे एकदा उतरवून ठेवता येतं ते घरी किंवा चांगल्या रेंजमध्ये आधीच उतरवून ठेवायचं. 'दीक्षा' ॲपवरचा बराचसा मजकूर डाउनलोड करून नंतर इंटरनेटशिवाय बघता येतो. जे सगळ्यांनी एकत्र बघायचं ते एकाच टीव्हीवर लावायचं. जिथे प्रत्येक गटाने स्वतः शोधायचं, उत्तर द्यायचं, करून बघायचं आहे, तिथेच हॉटस्पॉट. असं ठरवलं तर आठवड्यातून दोन-तीन तासिकांनाच तो लागतो, आणि त्या तासिका मात्र खरोखर कामी येतात.

आणखी एक उपयोगी गोष्ट. एका लॅपटॉपवर साठवलेले धडे वाय-फायने टॅबवर बघता यावेत म्हणून 'कोलिब्री' सारखी मोफत साधनं आहेत, आणि 'किविक्स' वापरून विकिपीडियासुद्धा इंटरनेटशिवाय वाचता येतो. यात वाय-फाय लागतं, पण डेटा लागत नाही. बऱ्याच मोबाईलवर डेटा बंद ठेवूनही हॉटस्पॉट चालू करता येतो. लॅपटॉप आणि टॅब त्यालाच जोडले की ते एकमेकांशी बोलू लागतात. रेंज नसलेल्या वस्तीवरच्या शाळेला हे वरदानच आहे.

पासवर्ड कुणाला द्यायचा?

पालकांनी हा भाग जरूर वाचावा. "मॅडम, पासवर्ड सांगा की," असं चौथीतली पोरंसुद्धा हक्काने म्हणतात. शाळेच्या टॅबला मी जोडून देते, पासवर्ड सांगत नाही. गावातली मोठी मुलं शाळा सुटल्यावर कट्ट्यावर बसून शाळेचं वाय-फाय शोधत असतात, त्यांनाही नाही.

हा कंजूसपणा नाही. ज्याच्या नावावर सिम आहे त्याच्या जोडणीवरून कोणी काही वेडंवाकडं केलं, तर विचारणा आधी त्यालाच होणार. आणि लेकरांच्या बाबतीत प्रश्न सवयीचा आहे. 'असर' च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना स्मार्टफोनबद्दल विचारलं होतं. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. आपल्याकडची प्राथमिकची लेकरं चार-पाच वर्षांत त्याच वयात जाणार आहेत. इंटरनेट म्हणजे काहीतरी शोधायचं, वाचायचं, विचारायचं साधन आहे, हे त्यांना मोठ्या माणसाच्या नजरेसमोर आधी अनुभवायला मिळालं पाहिजे. शाळेतला हॉटस्पॉट त्यासाठी फार चांगला. तो एका खोलीपुरता असतो, ठरलेल्या वेळेपुरता असतो आणि त्याचं बटण शिक्षकाच्या हातात असतं.

घरीही हेच करता येईल. बापाच्या मोबाईलचा हॉटस्पॉट रात्री झोपेपर्यंत चालू ठेवण्यापेक्षा, अभ्यासाला लागेल तेवढा वेळ चालू करा, जवळ बसा आणि मग बंद करा. पासवर्ड दर महिन्याला बदला.

आता खरा प्रश्न: बदली झाली की काय?

इथपर्यंत सगळं शिक्षकाच्या हौसेवर चाललं. पुढचं मात्र हौसेवर सोडून चालणार नाही.

काहीजण म्हणतील, "शिक्षकांना चांगला पगार आहे, महिन्याला दोन-तीनशेचा रिचार्ज केला तर काय बिघडलं?" पैशाचा भाग क्षणभर बाजूला ठेवू. शिक्षकाची बदली झाली की त्याच्याबरोबर सिम जातं, आणि सिमबरोबर शाळेचं इंटरनेट जातं. तो प्रशिक्षणाला गेला, निवडणुकीच्या कामाला गेला, आजारी पडला, तरी तेच. दोन शिक्षकी शाळेत एकाला मीटिंगला बोलावलं की त्या दिवशी शाळेत इंटरनेट नसतं. गावातल्या शाळेची विहीर गुरुजींच्या नावावर असावी आणि गुरुजी बदलून गेले की ती बुजावी, असं आपण चालवून घेऊ का?

आणि हौस सगळ्यांना सारखी नसते, सारखी परवडतही नाही. एका गावात उत्साही शिक्षक आहे म्हणून तिथली लेकरं टॅबवर शिकतात. शेजारच्या गावातल्या लेकरांचा काय गुन्हा?

आपण वस्तू जमवल्या, हे खरं. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' च्या शासन निर्णयानंतर डिजिटल शाळांची लाट आली. गावोगावी लोकवर्गणी झाली. टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब आले. ५ सप्टेंबर २०१७ ला 'दीक्षा' सुरू झालं आणि बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले. ही कोडची कल्पना आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी वापरून दाखवली होती, आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. म्हणजे कल्पना आपल्याच मातीतली. पुस्तकावरचा कोड लेकराच्या दप्तरात पोचला, तो उघडायला लागणारं इंटरनेट मात्र दप्तरात नसतं.

याचं एक साधं कारण मला दिसतं. टीव्हीला देणगीदार मिळतो, कारण टीव्हीवर त्याचं नाव लिहिता येतं. महिन्याच्या रिचार्जवर नाव कुठे लिहायचं? एकदाचा खर्च गाव आनंदाने करतं, दर महिन्याचा खर्च कुणाचाच नसतो. मग तो गुपचूप शिक्षकाच्या खिशात येऊन पडतो.

सरकारी अनुदानाचा हिशोब बघा. समग्र शिक्षा अभियानाच्या निकषांप्रमाणे तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान आहे, आणि शंभरपर्यंत पट असेल तर २५,०००. त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेसाठी ठेवायचा असतो. बाकीच्यात वीजबिल, खडू, रजिस्टर, दुरुस्ती. ब्रॉडबँडचे महिन्याला पाचशे रुपये धरले तर वर्षाचे सहा हजार होतात. पंचवीस पटाच्या वस्तीशाळेने दहा हजारातले सहा हजार इंटरनेटला द्यायचे, तर विजेचं बिल कशातून भरायचं? लहान शाळेला इंटरनेट सगळ्यात महाग पडतं, आणि आपल्या भागात लहान शाळाच जास्त आहेत.

वरच्या पातळीवर काहीच होत नाही असं नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिचंच नाव भारतनेट झालं. १ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ग्रामीण भागातल्या सर्व सरकारी माध्यमिक शाळांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना भारतनेटमधून ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली. घोषणा चांगली आहे, पण शब्द नीट वाचा. माध्यमिक शाळा. महाराष्ट्राच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतेक प्राथमिक आहेत, म्हणजे आपल्या शाळा त्या ओळीत बसत नाहीत. यू-डायस प्लसच्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशातल्या ६३.५ टक्के शाळांमध्ये इंटरनेट आहे, आदल्या वर्षी ५३.९ टक्के होतं. वाढ झाली, आनंदच आहे. तरी तीनातल्या एका शाळेत अजून नाही.

"आधी वाचता तर येऊ द्या!"

हा आक्षेप मी अनेक पालकांकडून ऐकते आणि त्यात तथ्य आहे. तिसरीच्या लेकराला जोडाक्षरं वाचता येत नसतील तर टॅब देऊन काय उपयोग? मी स्वतः पहिली-दुसरीला टॅब जवळजवळ देतच नाही. अक्षरओळख, पाढे, गोष्ट सांगणं याला इंटरनेट लागत नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाचा सूरही हाच होता की तंत्रज्ञान शिक्षणाला पूरक असावं, शिक्षकाची जागा घेणारं नसावं.

पण शाळेला इंटरनेट फक्त टॅबसाठी लागतं असं कुठे आहे? रोजची ऑनलाईन माहिती भरायची सक्ती आहेच. तिला रेंज मिळाली नाही तर शिक्षक वर्ग सोडून मोबाईल घेऊन गच्चीवर किंवा रस्त्यावर जाऊन उभा राहतो. तेवढा वेळ लेकरं एकटी. शाळेला चांगली जोडणी असेल तर दहा मिनिटांचं काम दहा मिनिटांत होतं आणि शिक्षक फळ्यापाशी परत येतो. इंटरनेट नको म्हणणाऱ्या पालकांनी याही बाजूने विचार करावा. वाचन शिकवायला शिक्षक वर्गात हवा, आणि तो वर्गात राहावा म्हणूनही शाळेला स्वतःचं इंटरनेट हवं.

मग करायचं काय?

पहिलं, खरं लिहा. कुठल्याही फॉर्मवर 'शाळेत इंटरनेट आहे का?' असा रकाना आला आणि ते फक्त शिक्षकाच्या सिमवर असेल, तर 'आहे' असं लिहू नका. आपण 'आहे' लिहिलं की कागदावर गरज संपली. मग मागायला तोंड राहत नाही.

दुसरं, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा विकास आराखडा ही समितीच तयार करते आणि समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. आराखड्यात 'इंटरनेट जोडणी व वार्षिक बिल' अशी स्वतंत्र ओळ टाका. ठराव लिहून ग्रामपंचायतीला आणि केंद्रप्रमुखांमार्फत वर पाठवा.

तिसरं, ग्रामपंचायतीत फायबर आलेलं असेल तर ते चालू आहे का हे पालकांनी जाऊन बघावं. कित्येक गावांत ग्रामपंचायत आणि शाळा हाकेच्या अंतरावर असतात. तिथून शाळेपर्यंत केबल आली की वर सांगितलेला लॅपटॉपचा हॉटस्पॉट पुढचं काम करायला तयारच आहे.

चौथं, देणगीदारांना विनंती. पुढच्या वेळी टीव्हीऐवजी शाळेच्या नावाने वर्षाचं इंटरनेट बिल भरा. पाहिजे तर दर्शनी भिंतीवर नाव आम्ही रंगवून घेऊ, रंग आमच्याकडून.

हे होईपर्यंत मी माझ्या सिमवर हॉटस्पॉट देत राहणार आहे, आणि तुम्हीही द्याल हे मला माहीत आहे. समोर लेकरू बसलेलं असताना हिशोब करत बसणं आपल्याला जमत नाही. पण तो हिशोब समितीच्या बैठकीत जरूर करा, इतिवृत्तात लिहून घ्या, आणि जोडणी शाळेच्या नावावर होईपर्यंत दर बैठकीत विचारत राहा.